एक्केचाळीस अंदाज

सुट्टीच्या दिवशीही मी वरच पाहतो.
अकरा वर्षं खांबांवर चढून मान तशीच झाली आहे.
लाडखेड फीडरची तार बोरीजवळ
वीतभर खाली लोंबली
की समजायचं, खालच्या वावराला हात लावू नये.

आज तेवढंच ऊन हवं आहे.
डावीकडे काळी जमीन, पऱ्हाट्या उपटून नांगरलेली,
उजवीकडे काळमेघांचा संत्र्याचा बगीचा, ओला, गार.
मधे धुरा.
हवा तापते काळ्यावर, पण सुटते धुऱ्यापासून,
भाकर जशी एका कडेनं आधी फुगते.
हे मला कुणी शिकवलं नाही.
दोन उन्हाळे लागले, आणि तीन पंख.

विमान दोनशे ऐंशी ग्रॅमचं. मोटार नाही.
बांबूच्या टोकाला कॅसेटची फीत.
भाचा संघरत्न वहीत लिहितो:
वेळ. फीत कुठं. मामाचा अंदाज. झालं काय.
चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "आपटलं".

घार पाहून फेकायचं नसतं, मी त्याला सांगतो.
घार ज्या हवेवर फिरते आहे
ती इथून कधीच निघून जिनिंगवर पोचली.
घार म्हणजे गेलेल्या एसटीचा धुरळा.
आपल्याला हवी ती हवा अजून गुडघ्याएवढी आहे,
ढेकळांमधे लोळते आहे,
आणि माझा सगळा हिशेब
दोन खांबांच्या उंचीतला.

मग कसं ओळखायचं?
वारा पडतो. एक गाल जास्त तापतो.
होला घुमायचा थांबतो.
"थांबत नाही," संघरत्न म्हणतो,
"तुम्ही ऐकत नाही त्या वेळी."
तेही लिहून ठेव, म्हटलं.

धुऱ्यापलीकडे खळ्यात, तिवईवर उभी,
मथुरा उईके हरभरा उफणते आहे.
सकाळपासून तिचं आणि माझं वैर:
मला वारा पडायला हवा,
तिला वाहायला.
वारा पडला की सूप कमरेला टेकवते
आणि माझ्याकडे अशी पाहते
जसा मीच फ्यूज काढला.

दहा चोपन्न. सूप थांबलं. मी फेकलं. आपटलं.
अकरा दोन. सूप थांबलं. उशीर केला. आपटलं.
अकरा नऊ. सूप थांबलं नाही, मीच फसलो.
"काऊन बे," ती ओरडली, "सुपाकडं काय पाह्यतं?
कुटाराकडं पाह्य ना!"

कुटार.
सकाळपासून ते बगीच्याकडे उडत होतं.
आता शेवटचं सूप रिकामं झालं तेव्हा
सरळ खाली पडायचं सोडून
ते माझ्याकडे वळलं,
उलटं, वाऱ्याच्या विरुद्ध,
कुणी धुऱ्यावर बसून
ओठांनी ओढून घेत असल्यासारखं.

अकरा सतरा.
मी धुऱ्याकडे धावलो आणि फेकलं.
आधी काहीच नाही. मग डावा पंख
खांद्यावर थाप बसावी तसा उचलला गेला.
उचललेल्या पंखाकडेच वळायचं असतं.
हात मात्र नेहमी पळ काढतात दुसरीकडे,
आजही काढत होते, मी बोट दाबून धरलं.

एक फेरा. बाभळीच्या वर.
दुसरा. बोरीच्या, तारेच्या वर,
जिथं मी पट्टा बांधल्याशिवाय कधी गेलो नाही.
तिसऱ्या फेऱ्यात विमानासोबत
कुटार होतं, पिवळं, चमकणारं,
आणि एक पालापाचोळ्यातली प्लास्टिकची पिशवीसुद्धा.

"मायं कुटार चाल्लं वर," मथुरा म्हणाली,
रागानं की कशानं, कळलं नाही.
तिनं कपाळावर हात धरला होता.

संघरत्नानं लिहिलं:
एक्केचाळीस अंदाज, सतरा बरोबर.
मग खोडून अठरा केलं.
मग विचारलं, मामा,
हा अंदाज तुमचा धरू की मावशीचा?

तेवढ्यात पाठीवरचा घाम गार झाला.
फीत सरळ झाली. खळ्यात सूप पुन्हा हललं.
विमान ठिपक्याएवढं, अजून चढतंच आहे,
आणि ते खाली कसं आणायचं
यासाठी वहीत रकाना नाही.